आईच्या सायकलचं पायडल

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक काय काय तपासतं ते पाहण्यासारखं असतं. रंग बघतात, सीट अंगठ्यानं दाबतात, ब्रेक आवळतात, घंटी वाजवतात, मागचं चाक उचलून गरकन फिरवतात. पायडल हातात धरून पाहणारा माणूस मात्र मला शिरूरला दिसला नाही आणि दौंडलाही दिसला नाही. कंपनीनं जे लावलं ते लावलं. वास्तविक सायकलवर माणूस तीनच ठिकाणी टेकतो : तळहात, बैठक आणि तळपाय. त्यातही सगळी मेहनत तळपायातून जाते. हौसेनं सायकल घेऊन महिन्याभरात ती भिंतीला टेकवून ठेवणारी माणसं, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या बायका, सांगतात की पाय दुखतात, पाय घसरतो, भीती वाटते. लोक त्यावर वयाला बोल लावतात. मी आधी त्यांच्या सायकलची पायडलं बघतो.

ज्या दोघांचं बोलणं पुढे देतो आहे ते मामा आणि भाची. मामा दौंडचे, रेल्वेतून निवृत्त. डबा कॅरिअरला लावून काळ्या दांड्याच्या सायकलवर यार्डात जाण्यात त्यांची नोकरी गेली, आणि ती सायकल अजून चालू आहे. भाची शिरूरची. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे पुस्तकाआधी हाताला काम देतात. भाची तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, फॅब्रिकेशन, वीजजोडणी शिकली आणि आता रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी ती लांबवर सायकल मारते. शिरूरहून न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, वरवंड, पाटस असं करत ती मामांकडे दौंडला आली आणि पाणी पिऊन होताच वादाला तोंड लागलं.

वाद आईच्या सायकलचा होता. आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. भाजी आणायला, देवळात जायला म्हणून तिनं हौसेनं लेडीज सायकल घेतली. त्या सायकलला छोटी, कडक प्लॅस्टिकची, वरून गुळगुळीत पायडलं होती. पहिल्याच पावसात ओली चप्पल सटकली आणि फिरून आलेलं पायडल नडगीवर बसलं. तेव्हापासून सायकल पडवीत उभी.

भाची : मामा, आईला मोठी पसरट पायडलं घ्यायची आहेत. पुण्याहून मागवते.

मामा : पुण्याहून? पायडलं? दौंडात पायडल मिळत नाही असं कुणी सांगितलं तुला? रबरी ब्लॉकची जोडी आण, पाना मार, झालं. माझा जन्म गेला त्या पायडलांवर.

भाची : तुमच्या पायात काय असायचं?

मामा : ड्यूटीला बूट. जाड तळाचा काळा बूट.

भाची : मग तुम्हाला पायडल कळलंच नाही कधी. कडक तळाचा बूट असला की भार बुटाच्या तळभर पसरतो, खाली पायडल केवढं का असेना. आमच्या कंपनीत सेफ्टी शूज घालून सायकलवर येणारे आहेत, त्यांना कुठलंही पायडल चालतं. आई रबरी स्लिपर घालते. स्लिपर मऊ. पायडल अरुंद असलं की स्लिपर त्याच्यावर वाकते आणि पायडलची कड सरळ तळव्यात घुसते. थोडा वेळ गेला की बोटं बधिर. शिवाय चप्पल निसटेल म्हणून ती बोटांनी पट्टा आवळून धरते. घरी आल्यावर पोटरीत गोळा येतो तो त्याचाच.

माझ्या मते हा मुद्दा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पायडल निवडताना लोक सायकलकडे बघून निवडतात : गिअरची असेल तर असं, लेडीज असेल तर तसं. बघायचं ते पायात काय आहे त्याकडे. पादत्राण जितकं मऊ, तितकं पायडल रुंद हवं. सायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्याच्या बुटाचा तळ लाकडासारखा ताठ असतो, म्हणून त्याचं पायडल दोन बोटांएवढं असलं तरी भागतं. चपलेवर सायकल चालवणाऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना, सर्वांत मोठं पायडल लागतं आणि मिळतं सर्वांत छोटं. जुन्या ब्लॉकच्या पायडलवर रबराच्या दोन पट्ट्यांवर पाय टेकतो, मधे पोकळी असते. पसरट पायडल साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद असतं, आणि त्याचा बराचसा पृष्ठभाग पायाला लागतो. एवढ्या फरकानं मऊ चपलेतला पाय तासभर शांत राहतो.

मामा : बरं, रुंद घे. पण पाय ठेवायचा कुठे हे तिला शिकव. माझ्या बघण्यात पोरं चवड्यावर पायडल मारतात, मी तळव्याच्या मधोमध मारतो. तू मागे म्हणालीस की माझं चुकतं.

भाची : पुस्तकात तसंच सांगतात. चवड्याचा फुगीर भाग पायडलच्या एक्सलवर यावा. त्यानं घोटा मोकळा राहतो, जोरात चालवताना बरं पडतं.

मामा : मला जोरात कुठे जायचंय? मधोमध ठेवला की पोटरी दुखत नाही. चप्पल निसटत नाही. आणि मागं वैरणीचा भारा असला ना, तर उठून जोर लावताना पाय डगमगत नाही.

भाची : ते मलाही आता पटायला लागलंय. तळव्याच्या मध्याला आधार देणारी लांबट पायडलं हल्ली मुद्दाम बनवतात. आरामात जाणाऱ्याला दोन्ही चालतं. सपाट पायडलचं हेच तर सुख आहे. पाय अवघडला की पुढं सरकवा, मागं सरकवा, बोटं जराशी बाहेर वळवा. गुडघ्याला जिकडं वळायचं तिकडं तो वळतो.

मामा : गुडघ्याचं खरं आहे. माझा उजवा गुडघा थोडा बाहेर फेकला जातो. जागच्या जागी जखडलं असतं तर तो केव्हाच गेला असता.

इथवर दोघांचं जमलं. मग मामा उठून अंगणात गेले आणि भाचीच्या सायकलचं पायडल त्यांनी हातानं चाचपलं. ॲल्युमिनियमचं, पातळ, आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पिना वर आलेल्या.

मामा : हे काय? हे पायडल आहे का खवणी?

भाची : पकड मिळते मामा. पाऊस असो, खड्डा असो, बूट हलत नाही.

मामा : तुझा बूट हलत नाही. तुझ्या आईची चप्पल फाटेल. साडीचा काठ अडकेल. थांबल्यावर पायडल फिरून पोटरीला लागलं तर सालपट निघेल. तुझ्या नडगीवरचे ओरखडे कशाचे आहेत ते सांग आधी.

भाची काही बोलली नाही. या बाबतीत मामांची बाजू पूर्ण खरी आहे. पिनांची पायडलं डोंगरउतारावरून उड्या मारत येणाऱ्यांसाठी निघाली. जाड मऊ रबराच्या तळाचे बूट घातले की ती उत्तम. चप्पल, साडी, शाळेचा गणवेश, अनवाणी पाय, यातल्या कशाशीही त्यांचं जमत नाही. मधला मार्ग म्हणजे जाड नायलॉनची पसरट पायडलं, ज्यांच्यावर साच्यातच बोथट दाणे आलेले असतात. अंगठ्याचं पोट त्या दाण्यांवर दाबून घासून पाहावं. कातडी अडखळली पाहिजे, पण टोचता कामा नये. ही पायडलं पडली तर ओरखडतात, सहसा वाकत नाहीत, आणि उन्हात सायकल उभी राहिली तरी लोखंडासारखी तापत नाहीत. वैशाखात दौंडच्या उन्हात उभ्या सायकलच्या पायडलवर अनवाणी पाय ठेवला असेल त्याला याचं मोल कळेल.

भाची : बरं, पिना नकोत. पण तुमच्या रबराचं काय? नवं असताना धरतं. दोन उन्हाळे खाल्ले की दगड होतं, आणि पावसाळ्यात त्या दगडावर शेवाळ असल्यासारखी चप्पल घसरते.

मामा : तेव्हा रबर बदलायचं. काही पायडलांना नुसते ब्लॉक मिळायचे, दोन नट सोडले की नवे बसायचे. आणि तेही नाही मिळालं तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळायची. अजून एक सांगतो. काळ्या रानातून आलीस की तळाला किती चिखल चिकटतो? माझ्या पायडलला मधे पोकळी आहे. चिखल दाबला की खाली पडतो. तुझ्या त्या सपाट पाटावर तो साचून राहतो.

भाची : तशीच जाळीदार बघून घेऊ. मधे भोकं असलेली. उजेडाकडं धरलं की पलीकडचं दिसलं पाहिजे.

मामा : आणि मोरीतलं पाणी?

कुरकुंभ मोरी दौंडकरांना सांगावी लागत नाही. रेल्वेखालून जाणारा तो रस्ता, पावसात पाणी साचलं की सायकलवाल्याचं पायडल खालच्या फेरीला पाण्यात बुडतं. दर फेरीला डुबकी. बाहेर आल्यावर चाकाला काही होत नाही, पायडलच्या आत मात्र गाळ जातो. पुढचा वाद याच्यावरून पेटला, आणि तो सगळ्यात लांबला, कारण यात दोघांचीही आयुष्याकडे बघण्याची रीत होती.

मामा : माझं पायडल उघडतं. टोकाची टोपी काढ, नट काढ, कोन फिरवून काढ, आतले छर्रे हातात येतात. रॉकेलमध्ये धुवायचे, एखादा झिजला असेल तर सगळेच बदलायचे, ग्रीस भरायचं, कोन बसवायचा. कोन फार आवळला तर पायडल जड फिरतं, ढिला ठेवला तर लटलटतं. बोटाला कळतं. आमच्या चौकातला मिस्त्री हे बसल्या बसल्या करतो. तुझं पायडल उघडतं का?

भाची : माझ्यात बंद बेअरिंग आहे. आत पाणी जायला जागाच कमी. त्याला वर्ष वर्ष हात लावावा लागत नाही.

मामा : आणि लावावा लागला तर?

भाची : बेअरिंग दाबून बसवलेलं असतं. काढायला हत्यार लागतं. माझ्याकडे आहे.

मामा : तुझ्याकडे आहे. तुझ्या आईकडे आहे का? तू कंपनीत, पायडल कर्रकर्र करतंय, ती काय करणार? पुन्हा पडवीत उभी करणार. जे पायडल गावातल्या मिस्त्रीला उघडता येत नाही ते घरात आणू नये असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

भाची : पण मामा, तुम्ही हल्लीचं स्वस्त पायडल बघितलंय का? आईच्या सायकलला आलेलं? त्याची टोपी प्लॅस्टिकची, दाबून बसवलेली. एकदा निघाली की पुन्हा बसत नाही. एक्सल आतून ठोकून पक्का केलेला. तेही उघडत नाही! तुमचं उघडणारं पायडल दुकानातून जवळजवळ गेलं. मग उघडत नसलेलं स्वस्त घ्यायचं की उघडत नसलेलं चांगलं?

मामा : उघडणारं शोधायचं.

भाची : शोधू. पण टोपी स्क्रूची असली पाहिजे आणि तिच्याखाली नट दिसला पाहिजे. तेवढं दुकानदाराला उघडून दाखवायला सांगायचं.

यात मी मामांच्या बाजूचा आहे. बंद बेअरिंग वाईट नाही. रोज लांब जाणाऱ्याला आणि घरी हत्यारं असणाऱ्याला ते सोयीचं आहे. परंतु आठवड्यातून चार वेळा भाजी आणणाऱ्या बाईच्या सायकलवर पहिली गरज दुरुस्तीची असते, आणि दुरुस्ती म्हणजे चालत जाता येईल अशा अंतरावरचा माणूस. दुकानात एक फसगत हमखास होते, तीही सांगतो. पायडल बोटानं फिरवलं आणि ते भिरभिरत राहिलं की गिऱ्हाईक खूश होतं. भरपूर ग्रीस असलेलं पायडल संथ फिरतं. भिरभिरणारं पायडल पुष्कळदा कोरडं असतं. तपासायचं ते दुसरंच : एक्सल एका हातात धरून पायडल आडवं हलवून पाहावं. टकटक लागली तर परत ठेवावं. फिरवताना मधेच खडबड लागली तरीही ठेवावं.

मामा : टकटकीवरून आठवलं. पायडलचा आवाज येतो म्हणून लोक पायडल बदलतात आणि आवाज तसाच राहतो.

भाची : कॉटर.

मामा : हां! कॉटर ढिला असतो. पाय खाली दाबला की एकदा टक, वर येताना एकदा टक. क्रँक हातानं हलवून बघायची. क्रँक हलली तर पायडलचा दोष नाही. कॉटर घालून ठोकून घे, चार आण्याचं काम.

भाची : आता चार आण्याचं नाही राहिलं. पण ठोकण्यावरून माझं मिस्त्र्यांशी भांडण आहे. कॉटर ठोकतात ते ठीक. पायडलही ठोकून, जोर लावून बसवतात. आईच्या सायकलची क्रँक लोखंडी आहे, ती एक वेळ सोसेल. माझ्यासारखी ॲल्युमिनियमची असली की लोखंडी एक्सल तिरका घुसतो आणि आटे कापून निघतात. मग क्रँकच बदला. पहिले चार-पाच वेढे बोटांनीच गेले पाहिजेत. बोटांनी जात नसेल तर तिरकं लागलंय किंवा डावं-उजवं उलट झालंय.

डाव्या-उजव्याची गोष्ट सांगायलाच हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेनं आवळतं, डावं घड्याळाच्या उलट. पायडल मारताना भाराची दिशा क्रँकच्या भोकात फिरत राहते, त्यामुळे एक्सल त्या भोकात केसभर घरंगळत जातो. दोन्ही आटे सारखे ठेवले तर डावं पायडल चालता चालता आपोआप सुटून पडेल. विमान उडवण्याआधी अमेरिकेत डेटनला सायकली बनवणाऱ्या राईट बंधूंनी १९०० च्या सुमारास आपल्या सायकलींच्या डाव्या पायडलला उलटे आटे दिले होते. आजही मोठ्यांच्या बहुतेक सगळ्या सायकलींना ९/१६ इंचाचे आटे असतात आणि लहान मुलांच्या काही सायकलींना अर्ध्या इंचाचे. पायडल आणायला जाताना जुनं सोबत नेलं की हा घोळ होत नाही. एक्सलवर एल किंवा आर कोरलेलं असतं. सोडवताना गोंधळ होत असेल तर पाना वरच्या दिशेनं उभा लावावा आणि मागच्या चाकाकडे ओढावा. डावं असो वा उजवं, सुटतं. पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं. आट्यांना आधी ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी पायडल काढताना हातोडा शोधावा लागत नाही.

मामा : पुण्याची सायकलवाली पोरं सिद्धटेकला जाताना इथं चहाला थांबतात. त्यांच्या बुटाला खाली काहीतरी असतं, चालताना खटखट वाजतं. पायडलात बूट अडकवतात म्हणे. तू का नाही तसलं घेत?

भाची : मलाही सगळे तेच सांगतात. बूट अडकवला की पाय वर येतानाही ताकद लागते, दम वाचतो म्हणतात.

मामा : आमच्या वेळी मुंबई-पुणे शर्यतीतले पायडलला पिंजरा लावायचे. चामड्याच्या पट्ट्यानं पाय बांधायचे.

भाची : त्या पिंजऱ्याला पर्याय म्हणून हे आलं. लूक नावाची फ्रेंच कंपनी बर्फावर घसरायच्या स्कीचे बूट अडकवायचे खटके बनवायची. तोच खटका तिनं १९८४ मध्ये पायडलवर आणला. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्यावर तूर द फ्रान्स जिंकला आणि मग शर्यतीतले सगळेच तिकडं वळले. शर्यतीसाठी ते बरोबर आहे. भरधाव जाताना पाय सुटून चालत नाही. पण दम वाचतो हे मला पटलेलं नाही. २००७ मध्ये सायकलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात त्यांना वेगवेगळ्या पद्धतीनं पायडल मारायला लावलं. पाय मुद्दाम वर ओढल्यावर पायडलवरचा जोर जास्त चांगल्या दिशेनं लागला खरा, पण शरीराचा खर्च वाढला. साधं खाली दाबणं जास्त काटकसरीचं निघालं.

मामा : म्हणजे मी करतो तेच.

भाची : तुम्ही करता तेच. आणि ग्रँट पीटरसन म्हणून अमेरिकेत सायकली बनवणारा एक जण आहे, त्यानं २०१२ मध्ये ‘जस्ट राइड’ नावाचं पुस्तक लिहिलं. तोही हेच सांगतो : साधे बूट, सपाट पायडल. शर्यतीवाल्यांची नक्कल साध्या माणसानं करू नये.

मामा : चौफुल्यावर एसटी, ट्रक, रिक्षा सगळे अंगावर येतात तेव्हा पाय खटक्यात अडकून कसा चालेल? तिथं पाय जमिनीला लागला पाहिजे.

एवढ्यावर वाद मिटला असता. तेवढ्यात भाचीनं मोबाईलवर पुण्याच्या दुकानातल्या एका जोडीचं चित्र दाखवलं : काळी, रुंद, दाणेदार, जाळीची. मामांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं, मोठं करून पाहिलं.

मामा : लाईट कुठे याला?

भाची : कसली लाईट?

मामा : ते पिवळं. पायडलच्या पुढं-मागं असतं ते.

भाची : रिफ्लेक्टर? याला नाही. वेगळा मिळत असेल.

मामा : मग हे नको. ऊस चालू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर काय असतं ठाऊक आहे ना? ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, मागं दिवा नाही, पुढं एकच दिवा, वर गाणी लावलेली. ड्रायव्हरला तुझी आई दिसणार कशी? मागच्या मडगार्डावरचा लाल ठिपका रस्त्याच्या कडेच्या खांबाचाही असू शकतो. पायडलचे पिवळे ठिपके वर-खाली, वर-खाली होतात. लांबूनच कळतं की माणूस पाय मारतोय.

हे मामांचं निरीक्षण आहे आणि ते अगदी नेमकं आहे. हलत्या ठिपक्यांवरून माणसाची चाल ओळखण्यात आपले डोळे तरबेज असतात. केंद्र सरकारनं २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्तेचा वेगळा आदेश काढला तोही अशाच अंधारातल्या सायकलवाल्यांसाठी. नव्या साध्या सायकलच्या पायडलला पिवळे रिफ्लेक्टर बहुधा असतात. हौसेनं पायडल बदलताना नेमकी तीच वस्तू हातची जाते, कारण महागड्या पसरट पायडलांना पुष्कळदा रिफ्लेक्टर नसतात आणि लावायला जागाही नसते. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे, कंपन्यांच्या पाळ्या आहेत, दिवस लहान असतानाच कारखान्यांची धुराडी पेटतात. इथे पायडल घेताना रुंदीइतकंच रिफ्लेक्टरकडे पाहावं. नसेल तर क्रँकवर आणि चपलेच्या टाचेवर चमकणारी पट्टी चिकटवावी, पण हा दुय्यम उपाय झाला.

भाचीनं ते चित्र बंद केलं. मग तिला सुचलं की ज्या बाईसाठी हे चाललंय तिला कोणी विचारलेलंच नाही. तिनं शिरूरला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

आई : पायडल कसलं पाहिजे? मला काय कळतंय त्यातलं. मला निघतानाचं भ्या वाटतं. एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर ठेवते, आणि ते पायडल फिरून उलटंच होतं. बघावं लागतं खाली. खाली बघितलं की हँडल डुगडुगतं.

मामा : दोन्ही बाजू सारखी असलेलं घ्यायचं. उलटं झालं तरी पाय बसला पाहिजे.

आई : आणि थांबताना पाय पटकन टेकत नाही. सीट उंच आहे म्हणून असेल.

भाची : सीट उंच नाही आई, बरोबर आहे. खाली केली तर गुडघे दुखतील.

आई : गुडघ्याचं नंतर बघू. आधी पडले नाही पाहिजे.

मामा : बरोबर बोलतीय. सुरुवातीला सीट खाली ठेव. सवय झाली की वर कर, एकेक बोट.

भाचीला हे मनापासून पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटतं दोघांचंही खरं आहे. खाली केलेल्या सीटवर गुडघ्यावर ताण येतो हे खरं, आणि पाय टेकण्याची खात्री नसलेली बाई सायकलवर बसतच नाही हेही खरं. आधी बसणं महत्त्वाचं. शिवाय पायडल बदललं की सीटची उंची पुन्हा बघावीच लागते. जुन्या जाड पायडलच्या जागी पातळ आलं तर तळपाय एक्सलच्या जवळ येतो, पाय खाली जास्त ताणावा लागतो, म्हणून सीट तेवढी खाली घ्यायची असते. त्यामुळे आईची मागणी थोडीफार आपोआपच पुरी होणार होती.

भाची : ठीक आहे. पुण्याहून मागवत नाही. शिरूरलाच बघते. रुंद, बोथट दाण्यांचं, दोन्ही बाजूंनी सारखं, जाळीचं, पिवळ्या रिफ्लेक्टरचं, आणि तुमच्यासाठी, उघडणारं.

मामा : माझ्यासाठी नाही, मिस्त्रीसाठी. आणि आईची चप्पल घेऊन जा.

भाची : दुकानात?

मामा : पावसातली चप्पल. ओली करून ने. पायडलवर ठेवून हातानं दाबून ढकलून बघ. सरकली तर दुसरं दाखव म्हण.

आई : ओली चप्पल घेऊन दुकानात गेलीस तर लोक हसतील.

मामा : हसू देत. नवी पायडलं बसवली की चार दिवसांनी पुन्हा एकदा पाना लाव, बसल्यावर ती थोडी ढिली होतात. आणि जुनी टाकू नकोस. त्यांचे रिफ्लेक्टर काढून ठेव, माझ्या सायकलचा एक फुटलाय.